विंडोजसोबत आलेला ब्राउझर बदलताना: मानेवाड्यातल्या एका छोट्या ऑफिसचा अनुभव

नागपुरात मानेवाडा रोडला घराच्याच पुढच्या खोलीत माझं छोटं ऑफिस आहे. इन्कम टॅक्स आणि जीएसटीची रिटर्न भरून देते. एक मुलगी मदतीला येते आणि दुपारी माझे सासरे बसतात. त्यांना आम्ही बाबा म्हणतो. सातबारा काढून देणं, पेन्शनवाल्यांचे प्रिंट काढणं ही कामं त्यांनी स्वतःहून अंगावर घेतली आहेत. तिघांत मिळून एक डेस्कटॉप: विंडोज १०, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क.

या कॉम्प्युटरवरून विंडोजसोबत आलेलं मायक्रोसॉफ्ट एज पूर्ण काढून टाकायचं आणि फक्त फायरफॉक्स ठेवायचं, असं मी ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरवलं. नोव्हेंबर सरेपर्यंत ते काम पुरलं. आता घडी बसली आहे म्हणून लिहिते. घरगुती कॉम्प्युटरसाठी अशी माहिती पुष्कळ मिळते. पण ज्याच्या रोजच्या कामात डीएससी (डिजिटल सहीचं प्रमाणपत्र) आहे, सहीचा सातबारा आहे, एखादं जुनं सरकारी पोर्टल आहे, त्याने कुठून सुरुवात करावी हे मला एका जागी कुठे सापडलं नव्हतं.

काढायचं कशासाठी, हे आधी सांगते. आमच्याकडे दोन ब्राउझर चालत होते आणि कामं दोघांत वाटली गेली होती. माझे पासवर्ड एका ठिकाणी, मदतनीस मुलीने जतन केलेले दुसऱ्या ठिकाणी. मी फायरफॉक्स वापरायचे, कारण त्याचा सगळा मेनू मराठीत करता येतो आणि बाबांना तो वाचता येतो. पण बाबा खालच्या सर्चच्या पट्टीत काही लिहायचे ते उघडायचं एजमध्ये. मग "अगं, कालचं पान कुठं गेलं?" अशी हाक यायची. पीडीएफही एजमध्येच उघडायची. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून काढायचा, आणि समोरच्या माणसाने विचारायचं की यात सहीवर टिकमार्क का दिसत नाही. त्यात ४ जीबी रॅम. दोन ब्राउझर एकदम उघडले की टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअरसुद्धा अडखळायचं. शिवाय १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला होता. आता जे काही राहील ते आटोपशीर आणि अपडेट होणारं असावं, असं मनात होतं.

मुहूर्त काढणं हा या कामातला पहिला महत्त्वाचा भाग, निदान आमच्या धंद्यात. महिन्याच्या १ ते २० तारखेत शक्यतो ब्राउझरला हात लावू नये. ११ ला जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या तपशिलाचं रिटर्न) शेवटची तारीख, २० ला ३बी ची (कर भरायचं महिन्याचं रिटर्न). इन्कम टॅक्सचा हंगाम त्या वर्षी १६ सप्टेंबरपर्यंत लांबला होता, आणि सप्टेंबरच्या ३बी ची तारीख दिवाळीमुळे २५ ऑक्टोबर झाली होती. २१ ला लक्ष्मीपूजन, २५ ला शेवटचं रिटर्न. २६ ला रविवार होता, ऑफिस बंद, फोन शांत. त्या दिवशी बसले.

पहिला दिवस फक्त सामान बाहेर काढण्यात घालवला, आणि तेच बरोबर होतं असं मला आजही वाटतं. एजमधले फेव्हरिट्स एका फाइलमध्ये काढता येतात, ते सरळ आहे. पासवर्डचं थोडं जपून करावं लागतं. एजच्या सेटिंग्जमध्ये पासवर्डच्या भागात ते एक्स्पोर्ट करायची सोय आहे. विंडोजचा पिन विचारला जातो आणि एक सीएसव्ही फाइल तयार होते. फायरफॉक्स ती फाइल घेतं. पण त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात, नोटपॅडमध्ये उघडली तर कोणालाही वाचता येतील असे. माझ्याकडे लोकांच्या पोर्टलचे लॉगिन असतात, त्यामुळे ती फाइल असेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. इंपोर्ट झालं, दहा-बारा लॉगिन उघडून पाहिले, मग फाइल डिलीट केली आणि रिसायकल बिनही रिकामा केला. ही फाइल स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेल करून ठेवायचा मोह होतो. करू नका.

त्याच दिवशी सिस्टिम रिस्टोअर पॉइंटही केला, म्हणजे काही बिघडलं तर मागच्या स्थितीला परतायची सोय. विंडोज १० मध्ये सिस्टिम प्रोटेक्शन पुष्कळदा बंदच असतं, ते आधी चालू करावं लागतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग खरं काढायला गेले. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, यादीत मायक्रोसॉफ्ट एज. अनइन्स्टॉलचं बटण होतं, पण फिकट. दाबलं तरी दबत नाही. मला आधी वाटलं आपलं खातं अ‍ॅडमिनचं नसेल. तेही तपासलं, होतं.

वाचत गेले तेव्हा कळलं की हे बटण जगात काही ठिकाणी दबतं. युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट म्हणून कायदा आहे. त्याच्या अटी मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाल्या, आणि तेव्हापासून युरोपियन इकॉनॉमिक एरियातल्या देशांत विंडोजमधून एज रीतसर अनइन्स्टॉल करता येतं. भारतात तशी सक्ती नाही, म्हणून आपल्याकडे बटण फिकट. कॉम्प्युटर कोणत्या देशातला हे विंडोज ठरवतं ते पहिल्यांदा सेटअप करताना निवडलेल्या देशावरून. नंतर सेटिंगमध्ये देश बदलून उपयोग होत नाही, पूर्ण रिसेट करावं लागतं. रिसेट करून आयर्लंड निवडा, असा सल्लाही वाचला. ज्या कॉम्प्युटरवरून मी लोकांची रिटर्न भरते, त्याला खोटा पत्ता सांगायचा हे मला पटलं नाही. तो विचार तिथेच सोडला.

या वाचनात एक जुनी गोष्ट सापडली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. १९९८ साली अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला होता. विंडोजसोबत इंटरनेट एक्स्प्लोरर जोडून देणं हा त्यातला मोठा मुद्दा. कंपनीचं म्हणणं, ब्राउझर हा विंडोजचाच भाग आहे, तो वेगळा काढता येत नाही. सरकारच्या बाजूने प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन साक्षीला आले. त्यांनी विंडोज ९८ मधून इंटरनेट एक्स्प्लोरर काढणारा प्रोग्राम लिहून आणला होता. त्यावर कंपनीचं उत्तर असं की या प्रोग्रामने ब्राउझर काढला नाही, नुसता लपवला, त्याचा कोड आतमध्ये आहेच. पुढे तडजोड झाली आणि विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून ब्राउझरचं चिन्ह झाकून दुसरा ब्राउझर डिफॉल्ट करायची सोय आली. माझ्या मानेवाड्याच्या खोलीत, इतक्या वर्षांनी, माझ्यासमोर अगदी तोच प्रश्न होता: काढायचं की झाकायचं?

आपल्याकडेही असा विचार झालेला आहे, पण फोनच्या बाबतीत. अँड्रॉइड फोनसोबत स्वतःची अ‍ॅप्स बांधून देण्यासह अनेक कारणांसाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला होता. कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरसाठीही निवड दाखवणारा असा काही नियम इथे व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

तर फिकट बटणाला दुसरा रस्ता म्हणून कमांड प्रॉम्प्टचा उपाय पुष्कळ लोक सांगतात. एजच्या फोल्डरमध्ये त्याचाच इन्स्टॉलर असतो, त्याला जबरदस्तीने अनइन्स्टॉल हो अशी आज्ञा द्यायची. जुन्या आवृत्त्यांवर ती चालायची. मी अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ती लिहिली. एंटर दाबलं, कर्सर पुढच्या ओळीवर आला, आणि बाकी काही झालं नाही. ना चूक दाखवली, ना एज गेलं. नवीन आवृत्त्यांवर असंच होतं. जुन्या काळी निघालं तरी पुढच्या एखाद्या विंडोज अपडेटसोबत ते परत यायचं.

मग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले. आमचा कॉम्प्युटर ज्यांच्याकडून घेतला त्या भाऊंचं दुकान तिथे आहे. त्यांना सांगितलं, मला हे एज नको आहे.

"काहून काढता ताई? काढलं तरी वापस येते ते."

"मग लोक काय करतात?"

"एक टूल आहे, पेन ड्राइव्हमध्ये देतो. उडवून टाकते. पण मग दुसरं काही बंद पडलं तं मले नका म्हणू."

हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. घरी येऊन वाचलं. एजसोबत वेबव्ह्यू२ नावाचा एक भाग विंडोजमध्ये असतो. तो ब्राउझर म्हणून दिसत नाही, पण दुसरी अ‍ॅप्स आपल्या खिडकीत वेबपान दाखवण्यासाठी तो वापरतात. नवीन आउटलुक आणि टीम्स त्याच्यावरच चालतात. अशी उडवून टाकणारी काही टूल्स एजसोबत वेबव्ह्यू२ सुद्धा काढतात. ओळखीच्या एका दुकानात असं झालेलं होतं. मेलचं अ‍ॅप उघडेना, आणि कारण समजायला त्यांना चार दिवस लागले. युरोपातसुद्धा एज अनइन्स्टॉल केलं तरी वेबव्ह्यू२ राहतं, कारण बाकीच्यांना ते लागतं.

त्या रात्री मी ठरवलं की एज राहू द्यायचं, पण आमच्या कामाच्या वाटेत ते एकदाही येता कामा नये. सासरचं जुनं कपाट जसं फेकत नाहीत, पण मधल्या खोलीतून मागच्या खोलीत सरकवतात, तसं. वाईट वाटलं थोडं. पूर्ण काढायचं ठरवून निघाले होते. पण आता काम कुठे संपतं हे मला स्पष्ट दिसायला लागलं, आणि त्याने हुरूप आला.

१ नोव्हेंबर, शनिवार. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स, वेब ब्राउझर. तिथे फायरफॉक्स निवडलं की विंडोज एकदा विनंती करतं की आधी एज वापरून बघा. खाली लहान अक्षरांत 'स्विच एनीवे' असतं, ते दाबायचं. विंडोज ११ असेल तर अ‍ॅपच्या नावावर जाऊन 'सेट डिफॉल्ट' दाबायचं. २०२१ मध्ये विंडोज ११ नवीन आलं तेव्हा तिथे एकेक फाइलप्रकार वेगळा बदलावा लागायचा, २०२२ मध्ये हे एक बटण आलं.

ब्राउझर बदलला म्हणजे पीडीएफ बदलत नाही, हे लक्षात ठेवा. त्याच पानावर खाली फाइलप्रकारानुसार डिफॉल्ट निवडायची यादी आहे. त्यात पीडीएफ शोधून मी अ‍ॅडोबी रीडर दिलं. फायरफॉक्सही स्वतः पीडीएफ उघडतं, म्हणून त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पीडीएफसाठी 'फाइल जतन करा' निवडलं. हे सातबाऱ्यासाठी फार गरजेचं होतं. ब्राउझरमध्ये सातबारा दिसतो, छापता येतो, पण सही तपासली जात नाही. अ‍ॅडोबीत उघडल्यावर पहिल्यांदा सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह येतं आणि लोक घाबरतात. त्या सहीवर उजवी क्लिक करून सहीची माहिती उघडायची, प्रमाणपत्र पाहायचं, ट्रस्टच्या भागात ते विश्वासू यादीत घालायचं आणि सही पुन्हा तपासायची. हिरवी खूण येते. बाबांनी हे दोनदा माझ्यासमोर केलं आणि मग वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं. आता ते गिऱ्हाइकाला स्क्रीनवर हिरवी खूण दाखवतात आणि मगच प्रिंट काढतात.

त्यानंतर छोटी छोटी दारं बंद केली. खालच्या पट्टीवर उजवी क्लिक करून 'न्यूज अँड इंटरेस्ट्स' बंद, कारण तिथल्या बातम्या डिफॉल्ट काहीही असलं तरी एजमध्येच उघडतात. सर्चच्या पट्टीतलं वेबचं उत्तरही तसंच. म्हणून ती पट्टी लपवून टाकली आणि तिच्या जागी फायरफॉक्सचं चिन्ह ठेवलं. बाबांना सांगितलं, जे शोधायचं ते या कोल्ह्यावर क्लिक करून. एजच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या भागात दोन गोष्टी बंद करा: 'स्टार्टअप बूस्ट', आणि ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची परवानगी. ४ जीबीच्या कॉम्प्युटरवर याचा फरक सकाळी चालू करतानाच जाणवतो. आणि शेवटी सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स इथे 'डिव्हाइसचं सेटअप पूर्ण करण्याचे मार्ग सुचवा' अशा अर्थाची खूण असते, ती काढा. मोठ्या अपडेटनंतर जो पूर्ण पडद्याचा निळा प्रश्न येतो, आणि ज्यात घाईत 'हो' म्हटलं की ब्राउझर पुन्हा बदलू शकतो, तो त्याने टळतो.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा बाबांच्या टेबलापाशी गर्दी असते. पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. मी मुद्दाम त्या आठवड्यात कोणतंही नवीन सेटिंग केलं नाही, फक्त कोण कुठे अडतं ते पाहत राहिले. मदतनीस मुलीला दोन दिवस सवयीने एज शोधावं लागलं, तिसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं की आता सगळे पासवर्ड एका जागी असल्याने बरं पडतं.

माझी खरी धाकधूक डीएससीची होती. आमच्याकडे बहुतेक व्यापारी ओटीपीवर रिटर्न सही करतात, पण कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीच्या भागीदाऱ्या) यांना जीएसटीत डीएससीच लागते. एका कंपनीचे संचालक काका स्वतःचं टोकन (डीएससी असलेला पेन ड्राइव्हसारखा तुकडा) घेऊन येतात आणि समोर बसून पिन टाकतात. ते आल्यावर ब्राउझरने दगा दिला तर काय, या विचाराने मी ११ तारखेची वाट न पाहता ७ लाच त्यांना बोलावलं.

जीएसटीच्या सहीसाठी एमसाइनर नावाचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर चालू असावा लागतो. तो आणि पोर्टल एकमेकांशी बोलतात ते ब्राउझरमार्फत, कॉम्प्युटरच्या स्वतःच्याच पत्त्यावर: १२७.०.०.१, पोर्ट १५८५. ब्राउझरला हा पत्ता ओळखीचा नसला की तो जोडणी नाकारतो आणि पोर्टल म्हणतं, एमसाइनर चालू नाही. एजमध्ये ही ओळख कधीतरी करून दिलेली असते आणि आपण विसरलेलो असतो. नवीन ब्राउझरमध्ये ती पुन्हा करून द्यावी लागते. शिवाय फायरफॉक्सचा प्रमाणपत्रांचा साठा स्वतःचा वेगळा असतो. तर असं करायचं: एमसाइनरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून तो 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' ने चालू करा. मग फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत एचटीटीपीएस लावून तो पत्ता आणि पोर्ट लिहा. धोक्याची सूचना येईल. 'प्रगत' उघडून धोका मान्य करा. मग पोर्टलवर परत लॉगिन करा. ही सूचना मान्य करणं इथे चालतं, कारण हा पत्ता तुमच्याच कॉम्प्युटरचा आहे. बाहेरच्या कोणत्याही साइटवर अशी सूचना आली तर पुढे जाऊ नका, मग ती साइट कितीही सरकारी दिसो.

काकांनी टोकन लावलं, प्रमाणपत्रांची खिडकी उघडली, त्यांचं नाव दिसलं. त्यांनी पिन टाकला. सही झाली. त्यांना यात काही विशेष घडलं असं वाटलंच नाही, चहा घेऊन ते गेले. मला मात्र त्या रात्री शांत झोप लागली.

या सगळ्यात एज ठेवल्याचं समाधान ज्या दिवशी झालं, तो दिवस १३ नोव्हेंबर. आमच्या एका कंत्राटदार गिऱ्हाइकाला एका कार्यालयाच्या जुन्या पोर्टलवर बिलं चढवावी लागतात. ते पोर्टल इंटरनेट एक्स्प्लोररच्या काळात बांधलेलं, त्यात अ‍ॅक्टिव्हएक्स, म्हणजे त्याच ब्राउझरसाठी बनवलेला जोड प्रोग्राम. फायरफॉक्समध्ये पान उघडतं, पण फाइल जोडायचं बटणच उमटत नाही. इंटरनेट एक्स्प्लोरर तर १५ जून २०२२ ला निवृत्त झालं, आणि फेब्रुवारी २०२३ च्या अपडेटनंतर विंडोज १० मध्ये त्याचं चिन्ह दाबलं तरी एजच उघडतं. अशा साइटसाठी आज विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने ठेवलेला रस्ता एजमधला 'आयई मोड' आहे, आणि तो निदान २०२९ पर्यंत ठेवणार असं त्यांनी जाहीर केलं आहे.

एजच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझरच्या भागात 'इंटरनेट एक्स्प्लोरर मोडमध्ये साइट पुन्हा उघडू द्या' असं आहे, त्याला परवानगी द्यायची आणि एज पुन्हा चालू करायचं. मग त्याच पानावर खाली त्या साइटचा पूर्ण पत्ता यादीत घालायचा. पत्ता मूळ पानाचाच नको, ज्या पानावर फाइल जोडायची त्याचाही घाला, कारण यादी पानापानाने चालते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यादीतली नोंद फक्त ३० दिवस टिकते. यादीत तिची शेवटची तारीख समोर लिहिलेली असते. ३० दिवसांनी ती निघून जाते आणि पोर्टल पुन्हा अडतं. माझी नोंद १३ डिसेंबरला संपणार होती. मी ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहिली, कारण रिटर्नच्या तारखाही तिथेच असतात.

जर मी टूल लावून एज उडवलं असतं, तर त्या गिऱ्हाइकाचं बिल माझ्याकडून गेलं नसतं. म्हणून ज्यांच्या कामात एखादं जुनं पोर्टल आहे, त्यांनी आधी आपल्या सगळ्या साइटची यादी करावी आणि एकेक नवीन ब्राउझरमध्ये उघडून पाहावी. नुसतं लॉगिन होतं का एवढं पाहून थांबू नये. फाइल जोडावी, पावती डाउनलोड करावी, प्रिंट काढून पाहावी. मला जे अडलं ते सगळं लॉगिनच्या पुढे अडलं.

एजचं आता आमच्याकडे एवढंच काम आहे. त्याचं चिन्ह मी डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवलंय आणि त्या फोल्डरला 'जुनं पोर्टल' असं नाव दिलंय.

२० तारखेची ३बी नवीन ब्राउझरमधून गेली. २२ ला, शनिवारी, कॉम्प्युटर घेऊन पुन्हा बर्डी. रॅम ८ जीबी करायचा विचार होता, पण तेव्हा रॅमचे भाव चढलेले होते. भाऊंनी स्वतःच सांगितलं की आधी एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान डिस्क) लावा, फरक त्यानेच जास्त पडते. २५६ जीबीची एसएसडी २,२०० रुपये, जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं उतरवून द्यायचे ६००. सकाळी दिला, संध्याकाळी सहाला मिळाला. एकूण खर्च २,८०० रुपये, बाकी ब्राउझर बदलण्याला एक पैसा लागला नाही. कॉम्प्युटर परत आल्यावर डिफॉल्ट ब्राउझर, पीडीएफ आणि एमसाइनर या तीन गोष्टी पुन्हा तपासल्या. तिन्ही जागेवर होत्या.

विंडोज १० चं काय, हे पुष्कळ जण विचारतात. २२एच२ आवृत्ती असेल तर घरगुती कॉम्प्युटरला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळवता येतात. सेटिंग्जच्या अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा येतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज त्यांच्याकडे सिंक होऊ दिली तर पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. मी खात्याने केली. एज न वापरता बाजूला ठेवलं असलं तरी त्याची अपडेट चालू राहू द्या, कारण आयई मोडही त्याच्यातच आहे आणि वेबव्ह्यू२ बाकीची अ‍ॅप्स वापरतात. विंडोज १० वर या दोघांना निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद झाले, त्या आठवड्यात तो कंत्राटदार आला नाही. त्याने फोटो काढून बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. १२ तारखेला मी 'जुनं पोर्टल' उघडलं, संपत आलेली नोंद काढली, तोच पत्ता पुन्हा घातला, फाइल जोडली आणि पावती डाउनलोड केली. यादीत नवीन तारीख आली, ११ जानेवारी. तीही कालनिर्णयात लिहून ठेवली आहे.